निजामकालीन तिकिटे : कात्री लावण्यापूर्वी

मराठवाड्याच्या इतिहासावरील हे धागे सुरू केल्यापासून एक प्रश्न मला सातत्याने विचारला जातो. एखाद्या जुन्या तिकिटाचे छायाचित्र येते आणि खाली एकच ओळ असते : "निजामाचे आहे, किती येतील?" विचारणारे बहुधा विशी-बाविशीतले असतात, आणि त्यांना इतिहासाची खरीच ओढ असते. म्हणून त्यांच्यावर रागावत नाही. परंतु आज या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायचे आहे आणि त्यासोबत माझे एक स्पष्ट मतही मांडायचे आहे : जुन्या पाकिटावरचे तिकीट कापून काढणे हा दस्तऐवज नष्ट करण्याचाच प्रकार आहे, आणि तो आपल्या भागात राजरोस चालू आहे.

आमच्या वडवणीत मध्यंतरी एक जुने घर उतरवले गेले. माळवदाखाली पत्र्याची एक पेटी निघाली. तिच्यात पत्रे, सावकारी पावत्या, सारा भरल्याचे कागद. मला निरोप मिळेपर्यंत एक खरेदीदार येऊन गेला होता. त्याने पन्नास-पन्नास रुपयांच्या हिशेबाने तिकिटे घेतली आणि सोयीसाठी जागेवरच कात्रीने कापून नेली. मागे उरली ती चौकोनी भोके पडलेली पाकिटे. त्यांवर पत्ते मोडीत लिहिलेले होते आणि टपालाची मोहोर उर्दूत होती. मात्र प्रत्येक मोहोरेचा अर्धा भाग तिकिटाबरोबर गेला होता. कोणत्या गावाहून पत्र निघाले, कधी निघाले, हे सांगणारा भाग बहुतेक ठिकाणी त्याच अर्ध्यात होता. घरच्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या लेखी ती रद्दी होती, आणि रद्दीचे कुणी रोख पैसे देत असेल तर कोण नाही म्हणेल?

आता तिकिटांविषयी. आशियातील पहिले चिकटवायचे तिकीट १८५२ साली सिंध प्रांतात निघाले, तेथील आयुक्त बार्टल फ्रियर यांच्या पुढाकाराने. हे फ्रियर त्यापूर्वी साताऱ्यात होते, आणि छत्रपतींचे राज्य खालसा करण्यास त्यांनी विरोध दर्शवला होता, ही जाता जाता नोंद. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे तिकीट त्यानंतर सतरा वर्षांनी, सप्टेंबर १८६९ मध्ये आले : एक आण्याचे, हिरवट रंगाचे. त्याच वर्षी अफजलुद्दौला वारले आणि मीर महबूब अली खान गादीवर आले. पहिले तिकीट निघाले तेव्हा या राजाचे वय अवघे तीन वर्षे होते. कारभार दिवाण सालारजंग पाहत होते. पुढच्या वर्षी अर्ध्या आण्याचे आणि दोन आण्यांचे तिकीट निघाले. १८७१ मध्ये नवी मालिका आली आणि अर्ध्या आण्यापासून बारा आण्यांपर्यंतची ती तिकिटे सुमारे तीन दशके चालली. आपल्याकडच्या पेट्यांतून निघणाऱ्या जुन्या तिकिटांत याच मालिकेची तिकिटे पुष्कळ असतात.

या तिकिटांवर राजाचा चेहरा नाही. इंदूरच्या होळकरांनी १८८६ मध्ये तिकीट काढले, त्यावर तुकोजीरावांची छबी आहे. निजामाच्या तिकिटांवर मात्र प्रथमपासून अक्षरेच प्रमुख, आणि पुढे इमारती आल्या. १८७१ च्या मालिकेवर किंमत चार भाषांत आहे : इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि मराठी. ही चौथी भाषा आपल्याला थांबवते. ज्या राज्यात दरबाराची भाषा तेव्हा फारसी होती आणि पुढे उर्दू झाली, त्या राज्याच्या तिकिटावर देवनागरी कशी?

यावरून समाजमाध्यमांवर दोन टोकांचे पक्ष भांडताना दिसतात. एकाला तिकिटात निजामाची उदारता दिसते. दुसऱ्याला मराठी अक्षरे दिसली तरी ती मान्य करवत नाहीत. माझ्या मते दोघेही तिकीट नीट पाहत नाहीत. तिकीट ही विकण्याची वस्तू आहे. बीड, परभणी, नांदेडकडील गावांत ते विकत घेणारा आणि पाकिटावर लावणारा माणूस मराठी वाचणारा होता. गावचे दप्तर कुलकर्णी मोडीतच लिहीत होता. किंमत त्याला कळली नाही तर टपालखाते चालणार कसे? व्यवहाराला मराठी लागत होती, म्हणून ती तिकिटावर आली. शिक्षणाला आणि न्यायालयाला ती लागत नाही असे राज्यकर्त्यांनी ठरवले, म्हणून तेथे ती आली नाही. एका आण्याच्या कागदाने राज्याचे हे दोन्ही चेहरे जपून ठेवले आहेत.

१९३७ सालचे उदाहरण घ्या. मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त त्या वर्षी चार तिकिटे निघाली. त्यांपैकी एक आण्याच्या तिकिटावर उस्मानिया विद्यापीठाची इमारत आहे. १९१८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ उर्दू माध्यमाचे. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्यच केले पाहिजे. पण आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला तेथे शिकायचे तर आपली भाषा बाहेर ठेवून जावे लागे. त्याच १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, आणि सभा भरवण्यासाठीसुद्धा सरकारी परवानगीच्या जाचातून जावे लागण्याचा तो काळ होता. पुढच्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल त्याच विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले आणि त्यांतले अनेक नागपूरला जाऊन शिकले. तिकिटावरची इमारत सुंदर आहे. तिच्या दारात काय घडले, हे ठाऊक असलेल्याने ते तिकीट हातात घेतले तर त्याला अधिक काही दिसते, एवढेच.

१९३१ ची मालिका मला व्यक्तिशः सर्वांत आवडते. चारमिनार, उच्च न्यायालय, उस्मानसागर जलाशय, बिदरचा मदरसा यांच्या जोडीला आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार आहे. मालिकेतील ही दोन्ही चढ्या किमतीची तिकिटे मराठवाड्याच्या वाट्याला आली. अजिंठ्याची चित्रे जपण्यासाठी निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले होते. त्या कामाचा अभिमान तिकिटावर उतरला असावा असे मला वाटते.

या तिकिटांची किंमत हाली सिक्क्यात होती, इंग्रजांच्या कळदार रुपयात नाही. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कळदार. शिवाय ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. बीडहून हैदराबाद चारशेहून अधिक किलोमीटर. तेथवर निजामाचे तिकीट पत्र पोचवीत असे. अहमदनगर त्याहून पुष्कळ जवळ, पण ते इंग्रजी मुलखात. तेथे पत्र पाठवायचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. एकाच घरातली एक मुलगी जालन्यात दिलेली आणि दुसरी नगरला, तर आईची दोन पत्रे दोन वेगवेगळ्या राज्यांच्या टपालाने जात. सरहद्द म्हणजे काय, हे नकाशापेक्षा अशी दोन पाकिटे शेजारी ठेवली की चांगले कळते. सुटी तिकिटे मात्र हे सांगू शकत नाहीत.

आता तो लाडका प्रश्न : किती येतील? खरे उत्तर निराशाजनक आहे. निजामाची बहुसंख्य तिकिटे मोठ्या प्रमाणावर छापली गेली होती आणि ती आजही सहज मिळतात. 'लाखो रुपये' हा आकडा येतो तो परदेशी लिलावांच्या बातम्यांमधून. ब्रिटिश गयानाचे एका सेंटचे तिकीट २०२१ मध्ये ८३ लाख डॉलरना विकले गेले, कारण जगात तेवढे एकच ज्ञात आहे. आपल्या पेटीतला एक आण्याचा चारमिनार त्या पंक्तीला बसत नाही.

पहिल्या तिकिटांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. १८६९-७० च्या तिकिटांचे १८८० मध्ये पुनर्मुद्रण झाले, मूळ रंगांत आणि हौशी रंगांतही. ओळखायचे कसे? कडेच्या छिद्रांवरून. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात ते मोजतात. मूळ तिकिटांचे माप ११½ आणि पुनर्मुद्रणाचे १२½. मोजपट्टी स्वस्तात मिळते. सरकारी कामकाजासाठी १८७३ पासून तिकिटांवर 'सरकारी' हा शब्द फारसी लिपीत वरून छापला जाई. असा शिक्का साध्या तिकिटावर नंतर उमटवून ते खपवणारेही आहेत. तेव्हा घेताना सावध असावे.

खरी दुर्मीळ गोष्ट कोणती? माझ्या मते, मराठवाड्यातल्या एखाद्या छोट्या टपालघराची पूर्ण, वाचता येणारी मोहोर असलेले अखंड पाकीट. तिकीट छापखान्यात हजारोंनी निघाले, पण त्या गावाहून त्या दिवशी निघालेले ते पाकीट एकच आहे. जाणते संग्राहक यालाच अधिक मोल देतात. म्हणजे निव्वळ पैशाच्या हिशेबानेही कात्री लावणारा बहुधा तोट्यातच जातो, आणि हा मुद्दा घरच्या वडीलधाऱ्यांना पटकन पटतो असा माझा अनुभव आहे.

पावत्यांचेही तसेच. १९१५ च्या सुमारास निघालेल्या काही तिकिटांवर टपाल आणि पावती अशा दोन्ही उपयोगांचा उल्लेख आहे. त्यामुळे तीच तिकिटे उसनवारीच्या, धान्याच्या, साऱ्याच्या पावत्यांवर सापडतात, सही किंवा अंगठा तिकिटावरून आडवा गेलेला. तिकीट कापले की सही गेली, आणि सही गेली की कोणी कुणाला काय दिले याचा पुरावाच गेला.

'तिकिटे काढून घेतली म्हणून ती टिकली, नाहीतर सारेच वाळवीने खाल्ले असते,' असे संग्राहक म्हणतात. यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पेट्यांची अवस्था मी पाहिली आहे. पण त्यावर उपाय म्हणून अख्खे पाकीट विकत घ्या ना. दोन रुपये अधिक द्या. माझा आक्षेप छंदाला नाही, कात्रीला आहे.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर प्रथम प्रत्येक पाकिटाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या, मागची बाजू विसरू नका. पोचल्याची मोहोर पुष्कळदा तेथे असते. पत्र ज्या पाकिटातून निघाले त्यातच ठेवा. पाणी, डिंक आणि चिकटपट्टी यांपासून दूर ठेवा. आतल्या कागदावर फसली साल असेल तर त्यात ५९० मिळवा, इसवी सन निघेल : फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचे वर्ष. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो ते याच सालाच्या अखेरीस. त्यानंतरही संस्थानी तिकिटे काही काळ चालू होती. १ एप्रिल १९५० ला त्यांची जागा भारताच्या तिकिटांनी घेतली. या दीड वर्षातली पाकिटे घरात असतील तर ती विशेष जपा : राजवट गेलेली आणि तिचे तिकीट अजून चालू, असा तो काळ आहे.

वडवणीच्या त्या पेटीतली भोके पडलेली अकरा पाकिटे घरच्यांनी मला दिली. त्यांतल्या सातांवर अर्धी मोहोर शिल्लक आहे, आणि तिची छायाचित्रे पुढच्या नोंदीत देत आहे. कुणाच्या अल्बममध्ये १९३१ च्या मालिकेतली, कात्रीने सरळ कापलेली, उजव्या अंगाला अर्धी उर्दू मोहोर असलेली तिकिटे असतील तर कृपया जुळवून पाहा आणि मला कळवा. तिकीट परत नको, फक्त त्या अर्ध्या मोहोरेचे छायाचित्र हवे आहे.