सायरन ‘वेंट ऑफ’ म्हणजे भोंगा वाजला की बंद झाला?

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं. केंद्राच्या यादीत आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूरही होतं. समजा, अशा दिवशी जव्हार-मोखाड्यात कुणाच्या मोबाइलवर ‘सायरन वेंट ऑफ’ अशी इंग्रजी ओळ आली. पंख्याच्या बटणामुळे ऑफ म्हणजे बंद, हे डोक्यात पक्कं. अर्थ मात्र उलटा आहे: भोंगा वाजला. बॉम्ब ‘वेंट ऑफ’ म्हणजे तो फुटला.

क्रियापदाला ऑफ, डाऊन, आऊट, बॅक असा छोटा शब्द जोडला की इंग्रजीत अनेकदा वेगळाच अर्थ तयार होतो. याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. मराठीला हे नवं नाही. ‘मावळे शत्रूवर तुटून पडले’ यात कुणी तुटत नाही, पडतही नाही.

लष्करी बातम्यांत अशी क्रियापदं पावलोपावली भेटतात. ‘टेक आऊट’ म्हणजे तिथे हॉटेलातलं पार्सल नव्हे, लक्ष्य नष्ट करणं. पण खरा घोळ होतो तो आपल्या ‘माघार’ या एका शब्दामुळे. ‘पुल बॅक’ म्हणजे पुढची जागा सोडून मागच्या जागेवर येणं. ‘पुल आऊट’ म्हणजे तिथून पूर्ण बाहेर पडणं. ‘फॉल बॅक’ म्हणजे दबावाखाली मागे सरकणं, बहुतेकदा नवी फळी धरण्यासाठी. ‘बॅक डाऊन’ म्हणजे कच खाणं. ‘स्टँड डाऊन’मध्ये तर मागे जाणं नसतंच, फक्त सज्जतेचा आदेश उतरतो. आपण मात्र या सगळ्यांना माघार म्हणून मोकळे होतो.

पँगाँग सरोवराचं उदाहरण घ्या. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी संसदेत समझोत्याची माहिती दिली. उत्तर किनाऱ्यावर चिनी सैन्य फिंगर ८ च्या पूर्वेला राहील आणि भारतीय सैन्य फिंगर ३ जवळच्या धनसिंग थापा चौकीवर, असं ठरलं होतं. दोन्ही बाजूंचं, टप्प्याटप्प्याने. हा ‘पुल बॅक’ होता. लडाख सोडणं नव्हतं आणि कच खाणंही नव्हतं. नुसतं ‘माघार’ वाचून हे कसं कळणार?

१० मे २०२५ चंही तसंच. संध्याकाळी ५ पासून गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवायचं भारत-पाकिस्तानमध्ये ठरलं. दोन दिवसांनी पंतप्रधानांनी कारवाई केवळ स्थगित असल्याचं सांगितलं. त्याला ‘कॉल ऑफ’ म्हटलं तर अर्थ होतो, रद्द केली. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे, तिथे स्थगित आणि रद्द यांतला फरक फार मोठा असतो.

जव्हार-मोखाड्यात अनेक घरांत वारली, कोकणा, कातकरी बोलली जाते. मराठी शाळेत भेटते, इंग्रजी त्यानंतर. केंद्रीय पोलीस दलांची कॉन्स्टेबल परीक्षा २०२४ पासून मराठीतही देता येते, हे चांगलंच झालं. पण एनडीएच्या सामान्य क्षमता चाचणीत ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे आहेत. तिथे सुटका नाही.

तयारी करणाऱ्यांनी मैदानापासून सुरुवात करावी. ‘फॉल इन’ ऐकून कुणी पडत नाही, रांगेत उभा राहतो. ‘फॉल आऊट’ म्हटलं की रांग सोडतो. फक्त बातमीत दोन देश ‘फेल आऊट’ झाले असं दिसलं, तर तिथे रांग शोधू नका. त्यांचं बिनसलंय.