कोडला हातही न लावता वेबसाइट बंद कशी पडते? समजून घ्या 'व्हर्जन लिमिट'चा घोळ

काल वेबसाइट नीट चालत होती. कोडची एक ओळही कुणी बदलली नाही. नव्या सर्व्हरवर तीच वेबसाइट पुन्हा इन्स्टॉल केली, तर ती सुरूच होईना! २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस पायथॉन वापरणाऱ्या अनेक डेव्हलपर्सवर ही वेळ आली.

नेमकं काय घडलं?

फ्लास्क हे वेबसाइट बनवण्यासाठीचं लोकप्रिय ओपन सोर्स फ्रेमवर्क आहे, पण ते एकट्याने चालत नाही. ब्राउझरकडून आलेली रिक्वेस्ट वाचण्यासारखी कामं वर्कझॉइग नावाची दुसरी लायब्ररी करते. अशा लायब्ररीला 'डिपेंडन्सी' म्हणतात.

फ्लास्क २.२.२ ची अट होती: वर्कझॉइग २.२.२ किंवा त्यापुढचं कोणतंही व्हर्जन चालेल. म्हणजे खालची मर्यादा होती, वरची नव्हती. ३० सप्टेंबर २०२३ ला वर्कझॉइग ३.० आलं आणि त्यातून काही जुनी फंक्शन्स काढून टाकली गेली. इन्स्टॉल करणाऱ्या टूलने अटीप्रमाणे सर्वात नवं व्हर्जन घेतलं. जुनं फ्लास्क मात्र काढून टाकलेलं फंक्शन शोधत राहिलं आणि ॲप सुरू होतानाच एरर आली.

मग वरची मर्यादा का घालत नाहीत?

कारण पुढच्या व्हर्जनमध्ये काय बदलेल, हे आधी सांगता येत नाही. शिवाय एका पायथॉन एन्व्हायर्नमेंटमध्ये एका लायब्ररीचं एकच व्हर्जन बसतं. एका पॅकेजने '३.० च्या खालचंच' म्हटलं आणि दुसऱ्याने '३.० हवंच' म्हटलं, तर काहीच इन्स्टॉल होत नाही. फ्रेमवर्कने घातलेली मर्यादा ते वापरणाऱ्या प्रत्येकाला बांधून ठेवते.

जुनं व्हर्जन पकडून बसलं तर?

ही एरर आल्यावर झटपट उपाय होता, वर्कझॉइग २.२.२ वरच थांबण्याचा. वेबसाइट चालूही होत होती. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये वर्कझॉइगमधली एक सुरक्षा त्रुटी समोर आली. मुद्दाम विशिष्ट पद्धतीने तयार केलेला डेटा अपलोड करून सर्व्हरवर प्रचंड ताण आणता येत होता. दुरुस्ती आली ती ३.०.१ आणि २.३.८ मध्ये. २.२.२ ला चिकटून राहिलेल्यांची वेबसाइट सुरू होती, पण दार उघडंच होतं.

यातून मार्ग काय?

जबाबदारी दोघांची आहे. फ्रेमवर्कने खालची मर्यादा सांगावी आणि खरोखर बिघडलेली व्हर्जन्स तेवढी वगळावीत. वेबसाइट बनवणाऱ्याने 'लॉक फाइल' ठेवावी. तिच्यात प्रत्येक डिपेंडन्सीचं नेमकं व्हर्जन लिहिलेलं असतं. त्यामुळे आज जे इन्स्टॉल झालं, तेच उद्याही होतं.

पण लॉक म्हणजे कायमचं कुलूप नव्हे. ठरावीक काळाने टेस्ट करून व्हर्जन्स वाढवावी लागतात. हे काम डिपेंडाबॉटसारखी टूल्स सोपं करतात. या प्रकरणात तर इशाराही आधीच मिळाला होता. ही फंक्शन्स जाणार असल्याची वॉर्निंग एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या वर्कझॉइग २.३ मध्येच दिसत होती.

ज्यांनी ती वाचली, त्यांना पाच महिने मिळाले. ज्यांनी दुर्लक्ष केलं, त्यांना ते कळलं वेबसाइट बंद पडल्यावरच.