भाड्याच्या जहाजातून ध्रुवाकडे

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जणांची भारतीय तुकडी अंटार्क्टिकावर उतरली. पराक्रम नि:संशय आपला होता. जहाज मात्र नॉर्वेचे होते. ‘दक्षिण गंगोत्री’च्या उभारणीसाठी गेलेले ‘फिनपोलारिस’ही परकेच. पुढे ‘मैत्री’ झाले, २०१२ मध्ये ‘भारती’ झाले, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले; परंतु तेथवर जाण्यासाठी भाड्याच्या जहाजाकडे डोळे लावून बसणे काही सुटले नाही.

२०१४ मध्ये मंत्रिमंडळाने ध्रुवीय संशोधन जहाजासाठी १,०५१ कोटी रुपये मंजूर केले. मुदत होती ३४ महिन्यांची! जहाज आले नाही. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कारखान्याने नॉर्वेच्या कॉन्ग्सबर्ग कंपनीशी सामंजस्य करार केला, तेव्हा हा विषय पुन्हा हलला.

हिमभेदक जहाज म्हणजे नुसते जाड पत्र्याचे जहाज नव्हे. ते बर्फ करवतीसारखे कापीत नाही. त्याची उतरती नाळ बर्फाच्या थरावर चढते आणि जहाजाच्या भाराने थर मोडतो. त्यासाठी तळ गोलसर लागतो. पण हाच गोलसर तळ खुल्या समुद्रात जहाजाला भयंकर हेलकावे देतो. रशियाचे अणुशक्तीवर चालणारे, २०२० मध्ये सेवेत आलेले ‘आर्क्तिका’ सुमारे तीन मीटर जाडीचा बर्फ फोडते. मात्र त्याचे घरच बर्फाजवळ आहे. आपल्या जहाजाला विषुववृत्तावरील उकाडा व दक्षिण महासागरातील वादळे ओलांडून मग बर्फाशी झुंजावयाचे आहे, आणि वर शास्त्रज्ञांची प्रयोगशाळाही वाहावयाची आहे. हा मेळ कोणा परक्याच्या तयार आराखड्यात आयता सापडेल, असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

परकीय साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. रशियाचे ‘येर्माक’ १८९८ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसलला बांधले गेले. तथापि जहाज कसे हवे, हे अॅडमिरल माकारॉव्ह यांना पक्के ठाऊक होते. पुढे रशियाने ती विद्या आत्मसात केली. नकाशा हाती येणे आणि नकाशा काढता येणे यांतील अंतर दिघ्याच्या औद्योगिक वसाहतीतला कोणताही जाणता कारागीर सांगेल. या प्रकल्पाचा हिशेब संसदेत मागताना केवळ कोटींचे आकडे विचारून भागणार नाही; आराखड्याचे हक्क कोणाकडे राहणार आणि बर्फातील चाचण्यांच्या वेळी आपले किती अभियंते हजर असणार, हेही विचारले गेले पाहिजे.