विश्लेषण : अ‍ॅपच्या सूचनांची जुनी ‘चावी’ का बंद झाली?

1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीत पाचूबंदरच्या बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. त्याच काळात, 22 जुलै 2024 पासून, गुगलने ‘फायरबेस’ची सूचना पाठवण्याची जुनी पद्धत बंद करायला सुरुवात केली. वादळाचा इशारा असो वा मासळीचा दर, अँड्रॉइड फोनवरील अ‍ॅपची सूचना बहुधा याच वाटेने येते.

बदलले काय?

आधी सर्व्हरवर एकच कायमची चावी असे. ती फुटली की कुणीही अ‍ॅपच्या नावाने खोटा इशारा धाडू शके. आता सर्व्हर खासगी चावीने सही केलेला छोटा अर्ज (जेडब्ल्यूटी) पाठवतो. चावी स्वतः बाहेर जात नाही. सही तपासून गुगल साधारण तासाभराचे अ‍ॅक्सेस टोकन देते. टोकन चोरले तरी ते तेवढ्यापुरतेच. चावीची फाइलच गेली तर मात्र धोका जुनाच.

गोम पुढे आहे. प्रत्येक सूचनेसाठी नवे टोकन मागणे म्हणजे खिशात पास असताना वसई स्थानकात रोज तिकिटाच्या रांगेत उभे राहणे. शहाणा प्रोग्रॅम टोकन जपून ठेवतो, मुदत संपण्याच्या काही मिनिटे आधी दुसरे आणतो. गुगलच्या तयार लायब्ररी हे आपोआप करतात. सगळे हाताने लिहिणारेच अडकतात. सर्व्हरचे घड्याळ बरेच चुकले तर सही बरोबर असूनही अर्ज फेटाळला जातो. अ‍ॅप उघडते, सूचना तेवढी येत नाही, त्यामुळे बिघाड पटकन कळत नाही.

खोल समुद्रात मोबाइलची रेंजच नसते; तिथे उपग्रहावर चालणारे ट्रान्सपॉण्डर लागतात. फोनवरचा इशारा उपयोगी पडतो तो बोट सुटण्याआधी.