बिल नसलेले कपाशीचे पाकीट

कपाशीची लागवड तोंडावर आली की गावोगावी पिशवीत पाकिटे घेऊन फिरणारी माणसे दिसू लागतात. पाकिटावर 'बीजी-३' छापलेले असते. तोंडी नाव 'तणनाशक बीटी' किंवा सरळ 'चोर बीटी'. पैसे रोख द्यायचे, बिल मागायचे नाही.

आपल्याकडे बीजी-१ला २००२ मध्ये आणि बीजी-२ला २००६ मध्ये परवानगी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या व्यापारी लागवडीला परवानगी नाही. त्यामुळे 'बीजी-३' हे नावच खोटेपणाची पहिली खूण समजा.

हा मोह का होतो, ते मला कळते. निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी हे बियाणे उघडपणे लावले होते. ती मागणी वेगळी. पिशवीवाल्याचा धंदा वेगळा.

तणनाशक सहन करण्याचा गुण बियाणे नुसते पाहून कळत नाही, तो ग्लायफोसेट फवारल्यावर कळतो. साधी बीटी निघाली तर तणासोबत कपाशीही जळते, आणि तोवर पुन्हा लागवडीचे दिवस निघून गेलेले असतात. मग दाद कुठे मागणार? अधिकृत बियाणे उगवले नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देता येते, तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. ग्राहक आयोगातही जाता येते. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. चोर बीटीत मात्र हातात बिल नसते, आणि विनापरवाना जनुकीय बियाणे लावणे हे पर्यावरण संरक्षण कायद्याचे उल्लंघन ठरते. म्हणजे तक्रारीत आधी स्वतःचेच नाव येते. तुम्ही गप्प बसणार, हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि त्याच भरवशावर तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

पाकीट परवानाधारक दुकानातूनच घ्या. २०२५च्या हंगामात बीजी-२च्या ४७५ ग्रॅम पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. यंदाचा दर कृषी कार्यालयात विचारून मगच दुकानात जा. बिलावर वाण, लॉट नंबर आणि दुकानदाराची सही हवी. लॉट नंबर लिहायला तो का-कू करू लागला तर दुसरे दुकान गाठा. रिकामे पाकीट, लेबल आणि मूठभर बियाणे वेचणी संपेपर्यंत जपून ठेवा. कृषी सहायकांनी खरीपपूर्व बैठकीत एक खरे बिल हातोहात फिरवून दाखवावे.