औषधाच्या दुकानाची काच

विहारातले रक्तदाब तपासणीचे शिबिर आटोपले होते. आम्ही सामान आवरत होतो आणि एक आई मागेच थांबली होती. बाकीच्या बाया गेल्यावर ती हळूच म्हणाली, "सिस्टर, आमचा पोरगा लग्नाला नाही म्हणतो. पोरी आवडत नाहीत, पोरगाच आवडतो म्हणतो. त्याचा बाप म्हणतो, घरातून हाकलून देतो. यावर एखादं इंजेक्शन नसतं का?"

इंजेक्शन नसते, कारण हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढून टाकले. अशा मुलांना 'बदलून देतो' म्हणून उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन आहे, असे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ साली ठरवले. एवढे आम्ही तिला सांगितले. पण तिचा पुढचा प्रश्न अवघड होता. "मग हाकलून दिलेल्या पोरांचं पुढं होतं काय?"

त्या प्रश्नाचे एक उत्तर सातासमुद्रापलीकडच्या एका वस्तीत सापडते. ते प्रत्येक घराने वाचावे, असे आम्हाला वाटते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को हे बंदराचे शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिक तिथून जहाजाने लढाईवर जात. एखादा समलिंगी असल्याचे उघड झाले की सैन्य त्याला शेरा मारून काढून टाकी. तो शेरा घेऊन गावी कोणत्या तोंडाने जायचे? अनेक जण त्याच शहरात राहिले. शहरातला कॅस्ट्रो हा भाग तेव्हा आयरिश कामगार कुटुंबांचा होता. १९६० नंतर ती कुटुंबे उपनगरांकडे जाऊ लागली आणि जुनी लाकडी घरे स्वस्तात मिळू लागली. मग देशभरातून घराबाहेर काढलेली, घर सोडून आलेली समलिंगी मुले-मुली तिथे येऊन राहिली. त्यांनी घरे रंगवली, दुकाने काढली, एकमेकांना भाड्यात वाटा दिला. हाकललेल्यांची वस्ती अशी उभी राहिली.

त्याआधी या लोकांचे बार म्हणजे अंधाऱ्या जागा. आतले कुणाला दिसू नये आणि पोलिसांचा छापा पडू नये म्हणून खिडक्या झाकलेल्या असत. १९७२ साली कॅस्ट्रोच्या कोपऱ्यावरचा 'ट्विन पीक्स' हा बार दोन बायकांनी चालवायला घेतला आणि रस्त्याच्या बाजूला मोठमोठ्या काचा बसवल्या. आत बसलेली माणसे रस्त्यावरून दिसू लागली. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण ज्यांना जन्मभर तोंड लपवायला सांगितले गेले, त्यांच्यासाठी ती काच फार मोठी गोष्ट होती.

याच रस्त्यावर हार्वी मिल्क यांचे कॅमेऱ्याचे दुकान होते. दुकान कसले, वस्तीचे कार्यालयच ते. तिथे मतदार नोंदणी चाले, तक्रारी ऐकल्या जात. ट्रकचालकांच्या संघटनेने एका बिअर कंपनीवर बहिष्कार पुकारला, तेव्हा मिल्क यांनी कॅस्ट्रोच्या बारमधून ती बिअर बंद करवली. बदल्यात मागणी काय, तर समलिंगींनाही ट्रकवर नोकरी द्या. तीन निवडणुका हरून १९७७ साली ते नगरमंडळावर निवडून आले. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचा आणि महापौर मॉस्कोनी यांचा नगरभवनात गोळ्या घालून खून झाला. खुनी मंडळाचाच माजी सदस्य होता. त्याला शिक्षा झाली सात वर्षे आठ महिने. खुनाच्या त्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रोपासून नगरभवनापर्यंत चालत गेले. आज जगभर दिसणारा इंद्रधनुषी झेंडाही त्याच शहरात, त्याच १९७८ सालचा. तो गिल्बर्ट बेकर यांनी सहकाऱ्यांसोबत तयार केला.

आता आम्हा नर्सेसच्या जिव्हाळ्याचा भाग. १९८१ साली अमेरिकेत तरुण पुरुष एका अनोळखी आजाराने मरू लागले. अंगावर जांभळे डाग येत, फुप्फुसे निकामी होत. नाव ठरलेले नव्हते, कारण कळलेले नव्हते. बॉबी कॅम्पबेल हा सॅन फ्रान्सिस्कोतला नर्स. त्याच्या पायांवर तसे डाग आले. त्याने डागांचे फोटो काढले आणि कॅस्ट्रोतल्या औषधाच्या दुकानाच्या काचेवर चिकटवले. लोकहो, असे डाग दिसले तर तपासून घ्या, हा त्याचा सांगावा होता. नोकरी जाईल, शेजारी वाळीत टाकतील, याची भीती त्यालाही असणारच. तरी त्याने स्वतःचे दुखणे चार लोकांत मांडले. १९८४ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. आरोग्य शिक्षणाचे भिंतीवर लावलेले तक्ते आम्ही आयुष्यभर पाहिले. याच्याएवढा धीट तक्ता पाहिला नाही.

त्याच शहरातल्या सरकारी दवाखान्यात जुलै १९८३ मध्ये या रुग्णांसाठी बारा खाटांचा 'वॉर्ड ५ ब' सुरू झाला. तो उभारला क्लिफ मॉरिसन या नर्सने. तिथे कुणाची सक्तीने नेमणूक नव्हती, सगळ्या नर्स स्वतःहून आल्या होत्या. इतर ठिकाणी जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवून कर्मचारी निघून जात. या वॉर्डात नर्स खाटेवर बसत, हात हातात घेत, मिठी मारत. रक्ताचे काम असेल तेव्हाच हातमोजे. नुसत्या स्पर्शाला नाहीत. आपले कुटुंब कोण हे रुग्णच ठरवी, त्यामुळे जोडीदाराला कुणी दारात अडवत नसे. वस्तीतले लोक स्वयंसेवक होऊन रुग्णांच्या घरी स्वयंपाक, धुणे, सोबत करू लागले. दवाखाना आणि वस्ती मिळून सेवा करण्याची ही पद्धत पुढे इतर शहरांनीही उचलली.

हे वाचताना आम्हाला आमचा वॉर्ड आठवतो आणि लाज वाटते. आम्ही नव्याने नोकरीला लागलो तेव्हा एचआयव्हीच्या रुग्णाची खाट संडासाजवळ, एकटी असे. केसपेपरवर लाल शाईने मोठी खूण. ड्रेसिंगची पाळी आली की एकमेकींकडे बोटे दाखवायची. आमच्यातल्या काहींच्या आज्यांना पाणी वरून ओतले जात होते. आम्ही त्या रुग्णाला गोळ्या वरून टाकत होतो. कुणी आम्हाला हे करायला सांगितले नव्हते. आम्हीच करत होतो.

कॅस्ट्रोही काही स्वर्ग नव्हता. तिथल्या बारच्या दारात काळ्या माणसांकडे आणि बायकांकडे जादा ओळखपत्रे मागितली जातात, अशा तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या. आज तिथली घरे इतकी महाग आहेत की घरातून काढलेल्या गरीब मुलाला तिथे खोली मिळणे कठीण. सोसलेला माणूस दुसऱ्याला सोसायला लावत नाही, असे काही नाही. हे आपल्यालाही लागू आहे.

तरी त्या वस्तीने आपली मेलेली माणसे विसरू दिली नाहीत. अनेकांचे मृतदेह घ्यायला घरचे आले नव्हते. क्लीव्ह जोन्स आणि साथीदारांनी प्रत्येक मृताच्या नावाने कापडाचा तुकडा शिवायचे ठरवले. तीन फूट बाय सहा फूट, थडग्याएवढा. ऑक्टोबर १९८७ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या मैदानावर असे १९२० तुकडे जोडून अंथरले. आपल्या आया जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, तशी ही गोधडी. त्या दिवशी सरकारला मोजावेच लागले.

'हे विषय आपल्या मासिकात कशाला?' असे कुणी विचारील. त्यांनी १९३४ साल आठवावे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू त्यांनी उच्च न्यायालयात लढवली. खटला हरले, पण बाजू सोडली नाही. मग आपण का लाजायचे?

तेव्हा चार गोष्टी स्पष्ट सांगतो. एचआयव्ही हा 'समलिंगींचा रोग' नाही. आपल्या देशात तो मुख्यतः स्त्री-पुरुष संबंधातून पसरला. तपासणी सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्त होते. औषधे २००४ पासून सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. औषध नियमित घेतले आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी होऊन तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर दोन सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध या देशात गुन्हा नाहीत.

हाकललेला मुलगा तपासणीला येत नाही, औषधाला येत नाही. तो लपतो. लपलेला आजार वाढतो आणि लपलेले मन कधी कधी जीव देते. कॅस्ट्रोतल्या मुलांना हजारो मैल जाऊन वस्ती वसवावी लागली, कारण त्यांच्या आईबापांनी दार लावले. आपल्या पोरांना तेवढ्या लांब जायची पाळी का यावी? वस्ती आहेच की आपली.

त्या आईला आम्ही पुढच्या शिबिराला पुन्हा बोलावले आहे. येताना पोराच्या बापालाही घेऊन या, असे सांगितले आहे. त्यांचाही रक्तदाब तपासू, आणि बोलू.

जय भीम.