योसेफाचे भाऊ आणि मराठवाडा



दरवर्षी १४ जानेवारीला, मकरसंक्रांतीच्या सुमारास, मराठवाड्याच्या गावोगावची माणसे छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जमतात. १९९४ साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. नांदेड व लातूरच्या ज्या वस्त्यांत एकेकाळी शाळेची पाटी दुर्मीळ होती, तेथील मुली आज पदवी घेऊन बाहेर पडतात. हे पाहून एखादा भाविक म्हणतो, ‘‘फादर, देवाने वाइटातून चांगले घडवले.’’ हा उद्गार श्रद्धेचा आहे. तरीही तो मला अस्वस्थ करतो.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. सर्वाधिक झळ नांदेड जिल्ह्याला बसली. घरे जाळली गेली, कुटुंबे गाव सोडून निघाली. टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. पुढे नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेड शहरात आत्मदहन केले. त्याच सुमारास किल्लारीचा भूकंपही झाला होता. पण त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, म्हणून तो प्रश्न निराळा. येथे हात माणसांचे होते आणि बहुधा शेजाऱ्यांचे.

शत्रूचे शापही परमेश्वर आशीर्वादात बदलतो, याची साक्ष बलामाची कथा देते. परंतु या विषयाचा गाभा उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात आहे. याकोबाच्या निधनानंतर भयभीत झालेल्या भावांना योसेफ धीर देतो. त्याच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे देवाने त्यातून चांगले योजिले हा, आपल्याला पाठ असतो. अंत्यविधीच्या वेळी तो आपण फार सहज वापरतो. मीही वापरला आहे. पहिला अर्धा भाग मात्र आपण गाळतो. ‘तुम्ही माझे वाईट योजिले होते’ हे योसेफ भावांना तोंडावर सांगतो. तो गुन्ह्याला गैरसमज म्हणत नाही. आणि हे सांगण्याचा अधिकार त्याचा आहे, कारण खड्ड्यात तो होता, वीस रुप्याच्या नाण्यांना विकला गेला तो, तुरुंगात कुजला तो. हेच वाक्य भावांनी उच्चारले असते, तर ती निव्वळ सबब ठरली असती.

शिवाय योसेफ जिवंत राहिला. हाबेल राहिला नाही, आणि त्याच्याविषयी पवित्र शास्त्र असे समाधान देत नाही. त्याचे रक्त भूमीतून ओरडते, एवढेच सांगते. पोचिराम कांबळे यांच्या मृत्यूला विद्यापीठाच्या नावाची ‘किंमत’ म्हणणे म्हणजे देवाला व्यापारी ठरवणे होय.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावर आपल्या प्रवचनांत क्वचितच बोलले जाते. योसेफ भावांना ओळख देतो ती केव्हा? ज्या यहूदाने त्याला विकण्याची सूचना केली होती, तोच बन्यामिनाऐवजी स्वतः गुलाम होण्यास पुढे येतो, तेव्हा. भाऊ बदलले आहेत, हे आधी दिसून येते. देव वाइटाचे चांगले करतो, पण अपराध्याच्या हृदयाला वळसा घालून नव्हे.

मराठवाड्यात हा यहूदा कोठे आहे? १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे एका बौद्ध तरुणाची हत्या झाली. त्या वर्षी गावात निघालेल्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत त्याने पुढाकार घेतला होता. गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या. आपणही दुरून पाहणारे नाही. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांचे सोयरे अशाच वस्त्यांत राहतात. आणि विवाह ठरवताना पूर्वीची जात विचारणारे आपल्यातही आहेत, हे मी नाकारू शकत नाही.

टेंभुर्णीपासून बोंढारपर्यंत पंचेचाळीस वर्षे झाली. उत्पत्तीतील वयांचा हिशेब मांडला, तर योसेफाला विकल्यापासून यहूदाच्या त्या विनवणीपर्यंत सुमारे बावीस वर्षे लागली होती.